चार बालकांसह करुणा

इटालियन बरोक शिल्पकार जान लोरेंत्सो बेर्नीनी (१५९८–१६८०) याने १६२७-२८ च्या सुमारास घडवलेले, भाजलेल्या मातीचे छोटे स्त्रीशिल्प. उंची सुमारे ४० सेंमी.; सध्या व्हॅटिकन संग्रहालयांत. रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकेत पोप आठवा अर्बन याची समाधी उभारायची होती. तिच्यावरील करुणेच्या संगमरवरी मूर्तीसाठी केलेला हा मातीचा नमुना होय. ख्रिस्ती सद्‌गुणांपैकी करुणा येथे मातृरूपात बसलेली असून ती एका बालकाला अंगावर पाजत आहे. इतर तीन बालके तिच्याभोवती खेळत आहेत.

अशा नमुन्याला संगमरवरी मूर्तीची लघुप्रत समजण्याचा प्रघात आहे. समाधीवरील मूर्तीशी ताडून पाहता तो टिकत नाही. अंगावर पिणारे मूल आणि भोवती खेळणारी भावंडे हे करुणेचे रूप चेझारे रीपाच्या ‘ईकोनोलोजीआ’ (१५९३) या प्रतीककोशाने रूढ केले होते. मातीतील करुणा त्याच परंपरेतली, भरल्या घरातली आहे. संगमरवरात मात्र दोनच बालके उरतात. एक तिच्या कुशीत निजलेले, दुसरे बाजूला उभे राहून आक्रोश करणारे. आणि तिची नजर त्या रडणाऱ्याकडे वळलेली. याच समाधीवर मृत्यूचा काशाचा सांगाडा पोपचे नाव लिहीत आहे. त्याच्या सान्निध्यात खेळकर समृद्धीपेक्षा सांत्वनाला अधिक अर्थ आहे. कल्पना पोषणाकडून सांत्वनाकडे सरकली, आणि त्या वाटचालीचा आधीचा टप्पा या मातीत टिकून आहे.

यावर असा आक्षेप येईल की, हा बदल जागेच्या अडचणीमुळे किंवा आश्रयदात्याच्या इच्छेमुळे झाला असेल. समाधीचे काम १६२८ ते १६४७ असे दीर्घकाळ चालले, त्यामुळे ही शक्यता नाकारता येत नाही. परंतु जागेच्या अडचणीने बालकांची संख्या घटेल. एकाने निजावे आणि दुसऱ्याने रडावे, हे तिच्यामुळे ठरत नाही. सूचना कोणाचीही असो, तिला मूर्त उत्तर शिल्पकारालाच शोधावे लागले. दुसरा आक्षेप मातीत उमटलेल्या अंगठ्याच्या ठशाविषयी आहे. तो बेर्नीनीचा मानला जातो. पण ठशाने स्पर्श सिद्ध होतो, प्रतिभा नव्हे. हे मान्यच आहे. म्हणून ठशाला एकमेव पुरावा न मानता शिल्पाचा समाधीशी असलेला संबंध आणि त्याची घडण यांच्या जोडीने तोलले पाहिजे. मोठ्या संगमरवरी कामांत साहाय्यकांचे अनेक हात लागत. ओल्या मातीत मात्र कलावंताचा विचार आणि त्याची बोटे यांत अंतर फारच थोडे राहते.

म्हणूनच समाधीच्या इतिहासातील तळटीप म्हणून नव्हे, तर बेर्नीनीची स्वतंत्र कलाकृती म्हणून या शिल्पाची नोंद व्हायला हवी.