पत्त्यांचा वाडा

आपले पत्ते बिचारे पुठ्ठ्याच्या डबीत राहतात. चार डावांत डबीचा कान फाटला, की लावा रबरबँड! सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचा थाट निराळा. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120, आणि सगळी गोल! दिवसा डाव रामाने उघडायचा, रात्री कृष्णाने. आता एवढी देवमंडळी रबरबँडात कशी राहणार? म्हणून लाकडी पेटी, सरकतं झाकण, त्यावर वेलबुट्टी, वरून लाखेची चकाकी.

1970च्या सुमारास ही विद्या जाणणारे हाताच्या बोटांवर उरले होते. त्यांतले एक पुंडलिक चितारी. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले चक्क त्यांच्याकडे शिकले, आणि राजवाड्याच्या दरबारात रंगाच्या वाट्या मांडल्या गेल्या. राजाने चिताऱ्याची उमेदवारी करावी, असं पान गंजिफ्यातसुद्धा नाही हो!

आमच्याकडे अशी एक पेटी आहे. हिचा तिच्यावर डोळा आहे, सुपारीसाठी.