दोन पोती बोंडं, एक जॅकेट

वेकसर्फिंगला निघायचं ठरलं की बोटीचं मुलगा बघतो, पाण्यात नातवंडं उतरतात आणि पिशवी मी भरते. जॅकेटं, जाड आखूड दोर, वेटसूट, फळीला लावायचं मेण, पंचे, उन्हाचं मलम, प्यायचं पाणी, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मी सांगलीची. कृष्णेच्या घाटावर पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकले, त्यामुळे तरंगायला मदत करणाऱ्या वस्तूंबद्दल मला पहिल्यापासून माया आहे. आता घर मिनेसोटात. इथल्या तळ्यांवर उन्हाळे काढताना पिशवीतली एकेक वस्तू कुठून आली ते मी शोधत गेले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोट ताशी 16 ते 19 किलोमीटर, म्हणजे तशी हळूच चालते. तिच्या मागच्या बाजूला मुद्दाम वजन भरलेलं असतं, त्यामुळे पाठीमागे मोठी लाट उठते. दोर धरून फळीवर उभं राहायचं, लाट सापडली की दोर बोटीत फेकून द्यायचा. पुढे लाटच ढकलत राहते.

या सगळ्याचा मूळपुरुष आमच्याच राज्यातला. मिसिसिपी नदीला चिपेवा नदी येऊन मिळते, तिथे चिपेवाने आणलेल्या वाळूने मिसिसिपीचं पाणी अडलं आणि लेक पेपिन तयार झालं. त्याच्या काठच्या लेक सिटी गावात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराने 1922 सालच्या उन्हाळ्यात ठरवलं, की बर्फावर जसं स्की करतात तसं पाण्यावर करायचं. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. मग त्याने पाइनच्या दोन फळ्या आणल्या, 8 फूट लांब आणि 9 इंच रुंद. आईच्या कपडे उकळायच्या भांड्यात टोकं शिजवून मऊ केली आणि वर वाकवून दाबून ठेवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे. दोर म्हणून खिडकीच्या तावदानांना लावतात ती दोरी, आणि हातात धरायला लोहाराकडून करून घेतलेली लोखंडी कडी. बोट थोरला भाऊ बेन चालवत होता. बरेच दिवस आपटल्यावर 2 जुलैला राल्फने शरीर मागे झुकवलं, स्कींची टोकं पाण्याबाहेर ठेवली आणि तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणिसावं वर्ष पूर्ण झालं.

त्याने पेटंट घेतलं नाही. ते 1925 मध्ये न्यूयॉर्ककडच्या फ्रेड वॉलरने आपल्या स्कींसाठी घेतलं. हाच वॉलर पुढे सिनेरामा काढून प्रसिद्ध झाला. सॅम्युएलसनचं नाव मागे पडलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. 1963 मध्ये एका वार्ताहर बाईंना लेक सिटीत त्याच्या जुन्या स्की टांगलेल्या दिसल्या, त्यांनी चौकशी केली आणि 1966 मध्ये अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने त्याचा मान त्याला दिला. माणूस हयात असताना हे झालं याचं मला फार समाधान वाटतं.

वेटसूटची कथा छोटी आहे. बर्कलीचे पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला निओप्रीनच्या अंगरख्याची कल्पना लढवली. जॅक ओनील यांनी 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सर्फिंगचं दुकान उघडलं आणि वेटसूट किनाऱ्यावरच्या पोरांपर्यंत नेला. मिनेसोटात जूनच्या सुरुवातीला पाणी चांगलंच गार असतं, तेव्हा त्याची गरज मी मान्य करते. ऑगस्टमध्ये तो घरीच ठेवते.

जॅकेटची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे. इंग्लंडमधल्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी 1854 मध्ये कॅनव्हासवर बुचाच्या लाकडाचे तुकडे शिवून अंगरखा केला. खलाशांना तो अवजड वाटे, वल्हवताना अडचण होई, म्हणून बरेच जण टाळत. फेब्रुवारी 1861 मध्ये व्हिटबी गावाजवळ मोठं वादळ झालं. जहाजांवरच्या लोकांना वाचवायला तिथली नौका दिवसभर पुन्हापुन्हा समुद्रात जात होती, आणि शेवटच्या खेपेला उलटली. नौकेवरच्या 13 जणांपैकी 12 बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नव्या पद्धतीचं बुचाचं जॅकेट त्याच्या एकट्याच्या अंगावर होतं.

विसाव्या शतकात बुचाच्या जागी कापोक आला. आपल्या काटेसावरीच्या कुळातलंच हे झाड. बोंडातला कापूस हलका, मेणचट, पाणी न शोषणारा. लहानपणी सावरीच्या कापसाच्या उशीवर झोपलेल्या माणसाला याचं वेगळं वर्णन सांगायला नको. अमेरिकेला हा कापूस मुख्यतः जावाहून मिळे. 1942 मध्ये जपानने तो मुलूख घेतला आणि पुरवठा तुटला. ऐन युद्धात, नौदलाला हजारो जॅकेटं हवी असताना.

तेव्हा शिकागोचे डॉक्टर बोरिस बर्कमन यांनी मिल्कवीडचं नाव पुढे केलं. ही वनस्पती म्हणजे आपल्या रुईची बहीण. तोडलं की तसाच पांढरा चीक, तशीच बोंडं आणि बोंड तडकलं की तशीच रेशमी म्हातारी वाऱ्यावर निघते. मिशिगनमधल्या पेटोस्की गावात ही म्हातारी बियांपासून वेगळी करायचा कारखाना उभा राहिला, आणि बोंडं गोळा करायचं काम शाळकरी मुलांवर सोपवलं गेलं. मुलांना कांद्याची जाळीदार पोती दिली. बोंडं तडकण्याआधी तोडायची, पोती भरून कुंपणाच्या तारांवर वाळत टांगायची. जाळीतून वारा खेळला तर बुरशी धरत नाही. दोन पोती बोंडांत एक जॅकेट होतं आणि एक जीव वाचतो, असं त्या मुलांना सांगितलं जाई. माझ्या माहेरी रुईची पानं शनिवारी मारुतीला जात आणि म्हाताऱ्या आम्ही फुंकरीने उडवत असू. त्याच जातीच्या म्हाताऱ्यांनी भर समुद्रात कुणाला तरी वर धरून ठेवलं, हे कळलं त्या दिवशी मी रस्त्याकडेच्या मिल्कवीडपाशी बराच वेळ उभी होते.

आता जॅकेटात फोम असतो. नातवंडांना ते घालायचा कंटाळा येतो तेव्हा मी त्यांना कांद्याची पोती घेऊन शेतात हिंडणाऱ्या, त्यांच्याच वयाच्या मुलांविषयी सांगते. बक्कल लागेपर्यंत माझा हात पट्ट्यावरून निघत नाही.

दोराबद्दल एकच सांगते. सॅम्युएलसनची लोखंडी कडी वेकसर्फिंगला चालत नाही. पडताना हात किंवा मान अडकेल असा मोठा फास या दोराला नको. म्हणून तो आखूड, जाड आणि गाठींचा असतो.

बोट कुठली, हाही सामानाचाच भाग आहे. माणूस बोटीच्या इतक्या जवळ असतो, की पंखा मागे उघडा असलेली बोट इथे अजिबात चालत नाही. तो बुडाखाली झाकलेलाच हवा. इंजिनाचा धूर हे दुसरं भय. ऑगस्ट 2000 मध्ये लेक पॉवेलवर हाऊसबोटीच्या मागच्या फळीखाली कार्बन मोनॉक्साइड साठला आणि तिथे पोहणारे दोन लहान भाऊ गेले. या वायूला वास नसतो, रंग नसतो. कॅलिफोर्नियाने पुढे चालत्या बोटीच्या मागच्या फळीला लटकून पाण्यात खेळण्यावर कायद्याने बंदी घातली. इंजिन चालू असताना आमच्याकडे त्या फळीवर कुणी बसत नाही. पाहुण्यांना हे कडक वाटतं, वाटू दे.

आणि तळं. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये लाटा मोजून सांगितलं, की या बोटींची लाट साध्या बोटीच्या लाटेइतकी ओसरायला काठापासून 500 फुटांहून जास्त अंतर लागतं. काठावर ज्यांचे धक्के आहेत, ज्यांची वेतासारखी पाणगवतं उपटली जातात, त्यांची तक्रार मला रास्त वाटते, आणि मुलाशी माझा यावरून वाद होतो. लहान तळ्यांवर हा खेळ नसावा, असं माझं मत आहे. लेक पेपिनसारखं रुंद पाणी असेल तर मधोमध खुशाल जावं.

दुसरा प्रश्न झेब्रा शिंपल्यांचा. 1989 मध्ये ते डुलुथच्या बंदरात सापडले आणि पुढे राज्यात पसरत गेले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, आणि वजनासाठी टाक्यांमध्ये भरलेलं पाणी उपसलं तरी तळाशी थोडं उरतंच. म्हणून इथे कायदाच आहे, की बोट पाण्याबाहेर काढली की तळाचं बूच काढायचं आणि ते उघडं ठेवूनच रस्त्याला लागायचं. ते बूच मी मुलाकडून मागून घेते आणि पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते. पुढच्या खेपेला दुसऱ्या तळ्यावर जायचं असेल, तर टाक्या गरम पाण्याने धुतल्याशिवाय ते परत देत नाही.