दुपारी चारपर्यंतचं घर

२६ जुलै २००५ च्या पावसाचा हिशेब तासातासाने मांडलेला आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्याला ७४ मिलिमीटरसुद्धा नाही. पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने नाले, नदी, भरती या सगळ्याचा अभ्यास केला. अशा हिशेबांत घरं येतात ती पाण्याखाली गेल्यावर. पाणी येण्याआधी त्या घरांत काय चाललं होतं ते कुणी नोंदवत नाही. कलिन्यातल्या आमच्या तळमजल्यावरच्या घराची ती नोंद मी इथे करते आहे. त्या मंगळवारी सकाळी माझ्याकडे काय काय होतं, ते मला तपशिलात लिहायचं आहे. मोघम कृतज्ञता मला पुरत नाही.

सकाळी ६. पाणी घरात शिरायला दहा तास

नळाचं पाणी भरून होतंय तोवर दूध उतू गेलं. सासूबाई गॅसपाशीच उभ्या होत्या, पण त्यांचा चष्मा सापडत नव्हता. शोधाशोधीत मुलाची झोप मोडली आणि तो चिडून उठला. चष्मा निघाला देव्हाऱ्यात, पोथीच्या पानांमध्ये, खूण म्हणून ठेवलेला. ओट्यावरून ओघळलेलं दूध शेगडीखाली गेलं होतं. शेगडी उचलून सगळं पुसून काढण्यात चहाला उशीर झाला.

सकाळी ८. आठ तास

हे ऑफिसला निघाले आणि घाईत चुकीचा डबा घेऊन गेले. यांचा तीन खणांचा डबा ओट्यावरच राहिला आणि मुलीचा छोटा, तूप-गुळाच्या पोळीचा, यांच्या बॅगेत गेला. लक्षात आलं तेव्हा लोकल सुटून गेली असणार. मुलीची शाळा दुपारची. तिने तो मोठा डबा बघून नाक मुरडलं.

“आई, सगळ्या हसतील मला. गवारीची भाजी आहे त्यात!”

“मैत्रिणींना दे,” मी म्हटलं. ती दप्तर आपटत आत गेली.

मुलगा अकरावीला होता. कॉलेजला निघताना त्याने दार तीनदा ओढलं तरी लागेना. पावसाळ्यात आमचं दार फुगायचं. सुताराला कधी बोलवायचं यावरून आमच्याकडे जूनपासून वाद चालू होता.

दुपारी १२. चार तास

मुलीला शाळेत सोडलं. आभाळ भरलेलं होतं, पण जुलैत मुंबईचं आभाळ भरलेलंच असतं. रेनकोट घालायला तिने नकार दिला. त्याच्या बाह्या आखूड झाल्या होत्या. शाळेच्या फाटकाशी उभं राहून आम्ही त्यावर भांडलो. शेवटी तो मी दप्तरात कोंबला. ती मागे वळून न बघता आत गेली.

दुपारी अडीच. दीड तास

मुलगा भिजून घरी आला होता. टीव्हीवर कुठलं चॅनेल लावायचं यावरून त्याची आणि आजीची जुंपली होती. बाहेरचा पाऊस इतका वाढला की दोघांनाही आवाज ऐकू येईना, तेव्हा भांडण आपोआप थांबलं.

अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला १९० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. शहराची जुनी गटारं बांधलेली होती ताशी २५ मिलिमीटरसाठी, तीही समुद्राला ओहोटी असताना. विहार आणि पवईचं पाणी घेऊन निघालेली मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून वाकवून नेलेली, दोन्ही काठांनी भराव टाकून आवळलेली. आमच्या घरापासून ती लांब नाही. वर्षानुवर्षं आम्ही तिला नालाच म्हणत आलो होतो.

यांचा फोर्टहून फोन आला. “इकडे तर नुसती रिपरिप आहे,” हे म्हणाले. “आणि डबा कसला दिलास?” मी चिडून सांगितलं, तो तुम्हीच नेलात. त्यानंतर फोन लागला नाही.

दुपारी ३.५०. दहा मिनिटं

समुद्राला भरती होती, जवळपास साडेचार मीटरची. नाल्यांची बहुतेक मुखं भरतीच्या पातळीखाली. शहरावर पडलेलं पाणी समुद्राकडे जाऊ शकत नव्हतं, उलट समुद्रच आत येत होता.

दुपारी ४

पाणी दारातून येईल म्हणून आम्ही उंबऱ्याशी गोधड्या लावत होतो. ते आलं बाथरूमच्या मोरीतून. काळं, गटाराच्या वासाचं, तळातून उकळत वर येणारं. मग संडासातून. दारातलं पाणी त्यानंतर आलं. मुलाने मेन स्विच बंद केला. मी कपाटातून कागदपत्रांची पिशवी काढली. गुडघ्याएवढं पाणी झालं तेव्हा मुलाने आजीला पाठीवर घेतलं. तासाभरापूर्वी ज्या नातवाशी रिमोटसाठी भांडत होत्या, त्याच्या गळ्यात सासूबाईंनी दोन्ही हात टाकले होते आणि म्हणत होत्या, “बाळा, तुला झेपेल का रे?” आम्ही पहिल्या मजल्यावरच्या आंटींकडे गेलो. त्यांनी दार आधीच उघडून ठेवलं होतं.

संध्याकाळी ७

लोकल साडेचारच्या सुमारास थांबल्या होत्या. वीज नाही, फोन मेलेले, मोबाइलला नेटवर्क नाही. खाली आमच्या घरात पाणी खिडकीच्या वर गेलं होतं. शाळा चालत वीस मिनिटांवर होती. मुलगा दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा छातीएवढ्या पाण्यातून परत आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तिसऱ्यांदा मी त्याला जाऊ दिलं नाही. एक मूल शोधायला दुसरं पाण्यात पाठवायचं की नाही, हा निर्णय कुठल्याही आईच्या वाट्याला येऊ नये.

रात्री ११

आंटींनी स्टोव्हवर भाताची पेज केली आणि इमारतीतल्या सगळ्यांना दिली. रस्त्यावर दोरीला धरून माणसांच्या रांगा चालल्या होत्या. आमच्या गॅलरीतून पोरं त्यांना बिस्किटांचे पुडे टाकत होती.

मी खिडकीशी बसून सकाळ पुन्हा पुन्हा आठवत होते. शेगडीखालचं दूध. चष्मा. गवारीची भाजी. आखूड बाह्यांचा रेनकोट. एरवी रात्री मी नवऱ्याला सांगते की आज दिवसभर नुसता वैताग झाला. त्या वैतागातला कण अन् कण मला परत हवा होता. मुलीने माझ्याशी भांडावं, यांनी डब्यावरून कुरकुरावं, दार लागू नये, सुतार येऊ नये. सगळे जिवंत आणि हाताच्या अंतरावर असतील तरच ही कटकट होऊ शकते. एकेका माणसाला दुसऱ्या माणसाची अडचण व्हायला दोघंही घरात असावी लागतात. त्या रात्रीपर्यंत मी हे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

त्याच पावसात साकीनाक्याला टेकडीची कडा झोपड्यांवर कोसळली. महाडजवळ जुई गावावर दरड आली. गाड्यांच्या काचा बंद राहून माणसं आतल्या आत गुदमरली. तबेल्यांत बांधलेल्या म्हशी दाव्यालाच मेल्या. मुंबईत चारशेहून जास्त आणि राज्यात हजारावर माणसं गेली. हे सगळं आम्हाला नंतरच्या दिवसांत कळलं. त्या घरांतही सकाळी दूध उतू गेलं असेल, रेनकोटवरून भांडण झालं असेल. म्हणून ‘देवाने आम्हाला वाचवलं’ हे वाक्य मी कधी उच्चारत नाही. त्याच देवाने मग जुईच्या आईचं काय केलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी आभार मानते ते निवडून वाचवल्याचे नाहीत. माझ्याकडे ती सकाळ होती, याचे मानते.

पहाटे ५

हे आले. फोर्टपासून चालत, रात्रभर. शीवजवळ कुणीतरी दोर बांधला होता, तो धरून पाणी ओलांडलं म्हणाले. वाटेत अनोळखी बायकांनी चहा दिला, एका इमारतीच्या जिन्यात बसू दिलं. तळव्यांची सालं निघाली होती. त्यांनी घरातली माणसं मोजली आणि एक कमी भरलं तेव्हा मला विचारलंसुद्धा नाही. तसेच माझ्याबरोबर जिना उतरले.

सकाळी ७

पाणी मांड्यांपर्यंत ओसरलं होतं. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर वर्गावर्गांत मुलं बाकांवर झोपलेली होती. आमची जागी होती. अंगात रेनकोट, त्याच्या आखूड बाह्यांतून मनगटं बाहेर आलेली. मला मिठी मारण्याआधी ती यांना म्हणाली, “बाबा, तुझा डबा आम्ही सहा जणींनी खाल्ला. गवार पण.” यांनी तिला उचललं, ती उचलण्याच्या वयाची राहिली नव्हती तरी. मी तिचे केस हुंगले. केसांना खडूचा आणि ओल्या चपलांचा वास येत होता.

दाराशी तिच्या बाई हजेरीपट घेऊन उभ्या होत्या. जे मूल घरी जाईल त्याच्या नावापुढे खूण करत होत्या, पालकांची सही घेत होत्या. डोळे सुजलेले, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. रात्रभर त्यांनी मुलांना गोष्टी सांगितल्या, भीती वाटणाऱ्यांना मांडीवर घेतलं, असं मुलीने नंतर सांगितलं. मी सही करताना त्यांना विचारलं, “बाई, तुमच्या घरी?”

“मुलगा चार वर्षांचा आहे,” त्या म्हणाल्या. “पाळणाघरात होता. कुर्ल्याला. काही कळलेलं नाही.” आणि पुढच्या पालकांसाठी त्यांनी पान उलटलं.

हजेरीपटावर अजून बरीच नावं खुणेविना होती. ती सगळी मुलं घरी गेल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या, हे उघड होतं. यांनी त्यांच्याकडून पाळणाघराचा नंबर आणि पत्ता मागून घेतला, मुलीच्या वहीच्या पानावर लिहिला, घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. मी मुलीला घेऊन बाईंच्या मदतीला थांबले. हे तसेच सोललेल्या पायांनी चालू फोन शोधायला बाहेर पडले.