हजेरीचे नवे रजिस्टर

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला तोही सुरक्षिततेच्याच नावाने. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये आपली माणसे तारेच्या कुंपणात हजेरी देत होती. सुरक्षितता कोणाची, हे कुंपणाच्या आतल्यांना कोणी विचारले नाही. १९५२ साली कायदा गेला. मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि नोंदवही राहिलीच.

आज कुठलेही खाते उघडायचे तर आधी मोबाइल नंबर द्या. त्याने चोराला अडसर होतो, हे मी नाकारीत नाही. एका कुलपापेक्षा दोन बरी. पण भारतात ओळखपत्राशिवाय सिम मिळत नाही. नंबरामागे नाव, पत्ता, सारे आलेच. ट्विटरने २०१३ ते २०१९ या काळात सुरक्षिततेसाठी म्हणून घेतलेले नंबर जाहिरातींसाठी वापरले आणि २०२२ साली अमेरिकेत १५ कोटी डॉलर दंड भरला. (दंड सरकारला मिळाला, ज्यांचे नंबर वापरले त्यांना काय?) नंबर न घेता सांकेतिक आकडा देणारी अॅपही आहेत. मग सक्ती नंबराचीच का?

माझ्या वर्गातल्या कित्येक मुलींच्या घरी एकच फोन, तोही बापाच्या खिशात. शिष्यवृत्तीचा ओटीपी त्या खिशात वाजतो. पोरीने कोणता अर्ज भरला हे घराला तिच्याआधी कळते. म्हणून काहीजणी अर्जावर माझा नंबर घालतात. आता त्यांचे निरोप आधी मला कळतात.