मृगाची मरळ आणि चुलीचा धूर

जून महिन्याच्या सात किंवा आठ तारखेस सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. देशावरचा शेतकरी त्या दिवशी आभाळाकडे पाहतो. हैदराबादचा गृहस्थ पिशवी घेऊन बेगम बाजाराची वाट धरतो. तेलंगणात या दिवसास ‘मृगशिर कार्ते’ म्हणतात, आणि त्या दिवशी घरी मासा शिजला पाहिजे असा तिकडचा जुना संकेत आहे. उन्हाळा सरून पावसाळी गारवा येताना शरीरात ऊब राहावी म्हणून, असे त्याचे कारण सांगतात. मासे न खाणारी घरे त्याच हेतूने गुळात हिंग घालून त्याची गोळी घेतात. मौज अशी की, हिंग, गूळ आणि मासा ही तिन्ही एकाच बाजारात मिळतात.

मुसी नदीच्या उत्तर तीरावरच्या या पेठेची जागा दुसरे निजाम अली खान (राजवट १७६२ ते १८०३) यांच्या हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांस दिली आणि त्यावरून तिला हे नाव पडले, असे सांगतात. तांब्यापितळेची भांडी, सुका मेवा, मसाले, चिंच यांचे घाऊक व्यापारी येथे पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. त्यांतील पुष्कळसे मारवाडी व गुजराती, म्हणजे कडक शाकाहारी. तरीही शहरातील मोठ्या मासळी बाजारांपैकी एक याच पेठेत भरतो. एका अंगास हिंगाचा दर्प, दुसऱ्या अंगास मासळीचा, आणि दोहोंच्या मधून ग्राहकांची रीघ. यात कोणाला काही विपरीत वाटत असल्याचे आम्हांस कधी दिसले नाही.

आमच्या वाचकांपैकी जे मूळचे गोव्याकडचे किंवा कोकणातले, त्यांना या बाजाराचे विशेष कौतुक वाटणार नाही हे आम्ही जाणून आहो. ‘गोड्या उदकाचें नुस्तें’ म्हटले की आपल्याकडे नाक थोडे वर जाते. सुरमई, बांगडा, इसवण यांवर पोसलेल्या जिभेस तळ्यातला मासा मातकट लागतो. उलट देशावर स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना शेजाऱ्यांकडून दुसरेच ऐकावे लागले. देवधर्म करता, सोवळे पाळता आणि मासे कसे खाता? मत्स्याहार ही समुद्रकाठच्या लोकांना नाइलाजाने मिळालेली सवलत आहे, दख्खनच्या पठारावर तिला आधार नाही, असा या प्रश्नामागचा ग्रह. तो कितपत खरा, हे पाहण्यास बेगम बाजारातील एक बादली पुरे आहे.

त्या बादलीत मरळ असते. तेलुगूत तिला कोर्रमीनु म्हणतात. तेलंगण राज्याने तिला आपला राज्यमत्स्य मानले आहे. काळसर पाठ, सापासारखे डोके, काटा कमी, मांस घट्ट. परंतु तिचा खरा गुण निराळाच आहे. कल्ल्यांच्या वर असलेल्या एका पोकळीच्या साहाय्याने ती वरच्या हवेतला प्राणवायू घेते. हवा घेण्यासाठी तिला वरचेवर पृष्ठभागावर यावे लागते. येऊ दिले नाही तर हा मासा पाण्यात असूनही गुदमरून मरतो. उलट ओल्या गोणपाटात गुंडाळली तर ती पाण्याबाहेर काही तास सहज जगते. तळे आटू लागले की चिखलात शिरून पावसाची वाट पाहते.

दख्खनच्या इतिहासात या गुणाला फार मोठे स्थान आहे असे आमचे मत आहे. मासा धरल्यानंतर तो घरच्या मडक्यापर्यंत टिकवायचा कसा, हा मत्स्याहारी माणसापुढील पहिला प्रश्न. समुद्रकाठाला त्याचे उत्तर मीठ आणि ऊन यांनी दिले. म्हणून आपल्याकडे खारे, सुके बांगडे, सुंगटे आणि पावसाळ्यापूर्वीचा पुरुमेत. ईशान्येकडील डोंगरी मुलखात मीठ महाग आणि पाऊस लांबलेला. तेथे मणिपूर, नागभूमी, आसाम या प्रदेशांत धूर उपयोगी पडला. लक्षद्वीपच्या लोकांनी कुपा मासा उकडून, धुरावून, वाळवून त्याचे लाकडासारखे टणक ‘मास’ केले. दख्खनमध्ये मात्र प्रत्येक गावास आपले तळे आणि त्या तळ्यात जिवंत नेता येईल असा मासा. घागरीत थोडे पाणी घालून बेस्त, गंगपुत्र किंवा आपल्या मराठवाड्यातला भोई मरळ बाजारास आणी, आणि गिऱ्हाईक ती जिवंत पाहूनच घेई. धूर व मीठ यांची मोठी विद्या येथे वाढली नाही, कारण तिची तितकी गरजच पडली नाही.

आता आधाराची गोष्ट. हैदराबादेहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. १९५६ च्या प्रांतरचनेपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्याआधी आठ शतके ते चालुक्यांचे राजधानीचे कल्याण होते. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इ. स. ११२९ मध्ये, ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे, कारण त्याच्या संगीतविषयक भागात मराठीचे फार जुने नमुने सापडतात. परंतु त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे, गळाने मासे धरण्याच्या कलेवरचे एक प्रकरण आहे, हे आमच्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल.

राजाने यात पस्तीसच्या आसपास माशांची नावे दिली आहेत. समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे अशी त्यांची विभागणी केली आहे. कोणता मासा कोणत्या खाद्यावर येतो, त्याला आधी चारून सवय कशी लावावी, दोरी व काठी कशी असावी, हेही सांगितले आहे. तिळाचे, पिठाचे, भाताचे गोळे करून पाण्यात टाकावेत आणि मासे त्या जागी येऊ लागले की मग गळ सोडावा, ही पद्धत आजही कोणताही गळकरी ओळखील. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला. मत्स्यशास्त्रात हयात घालविलेल्या माणसाला आठ शतकांपूर्वीच्या राजाचे निरीक्षण अभ्यासावेसे वाटले, यातच त्या निरीक्षणाची किंमत आली.

सोमेश्वर गळ टाकून थांबत नाही. ‘अन्नभोग’ या प्रकरणात तो स्वयंपाकघरात येतो. माशाचे तुकडे करून ते नीट धुवावेत, चिंचेच्या रसात शिजवावेत, पिठात घोळवून तेलात तांबूस तळावेत, वर सैंधव, वेलदोडा व मिरे यांची पूड घालावी, असा एक प्रकार त्यात आहे. मिरची नाही, हे उघडच आहे; ती पोर्तुगीजांबरोबर आली, आणि तिचा रस्ता आपल्या गोव्यावरूनच गेला. परंतु चिंच पाहा. बेगम बाजारातून मरळ घेऊन गेलेली तेलंगणातील गृहिणी आजही चिंचेच्या कोळात जे ‘पुलुसु’ करते, त्याचे मूळ अंग तेच. तळ्यातील माशाला येणारा मातकट वास ज्या द्रव्यामुळे येतो, त्याला शास्त्रज्ञ जिऑस्मिन म्हणतात, आणि आंबट रसात ते विघटन पावते. आपल्या हुमणातली सोले माशाची चव उठवितात. पठारावरील चिंच चवीबरोबर हे दुसरेही काम करते. राजास जिऑस्मिन ठाऊक नव्हते. त्याच्या आचाऱ्यास चिंच ठाऊक होती.

मत्स्याहार हा किनाऱ्याचा नाइलाज होता असे म्हणणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारू की, समुद्रापासून इतक्या दूर, ज्याच्या पदरी विज्ञानेश्वरासारखे धर्मशास्त्री असलेल्या सहाव्या विक्रमादित्याच्या पुत्राने हे प्रकरण कोणत्या नाइलाजाने लिहिले?

धुराकडे पुन्हा वळू, कारण धुराचे एक स्थान आपल्याकडेही आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला की कोकणात ओहोळ वाहू लागतात आणि गोड्या पाण्यातले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हे ‘चढणीचे’ अथवा ‘वलगणीचे’ मासे रात्री कंदील घेऊन धरण्याची हौस ज्यांनी लहानपणी भागविली आहे, त्यांना अधिक सांगणे नको. एकाच रात्री भांडे भरते; आणि नेमके त्याच दिवसांत ऊन नसते. मग जास्तीचा मासा मीठ लावून चुलीवरच्या माळ्यावर किंवा शिंक्यात टांगतात. खालच्या ‘धुंवरा’ने तो हळूहळू सुकतो. ही टंचाईतली युक्ती, परंतु तिची चव विसरता येत नाही. (अंडी घालावयास निघालेला मासा वाटेत धरणे म्हणजे पुढच्या वर्षाचा मासा आजच खाणे, हे मात्र आम्हांस मोठेपणी कळले.)

काही वर्षांपूर्वी मांजरेच्या काठी एका आप्तांच्या गावी आम्ही गळाला लागलेल्या रोहूवर हा प्रयोग केला. पहिला दिवस सर्वस्वी फसला. मासा धुऊन ओलाच धुरावर टांगला, आणि हाताशी होत्या म्हणून निंबाच्या काटक्या जाळल्या. संध्याकाळी जे उतरले ते वरून काजळीने काळे आणि आतून कडू होते. घरच्या मांजरानेही ते हुंगून सोडले. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका वृद्ध भोयाने आम्हांस शहाणे केले. मासा धरल्याबरोबर पोट फाडून स्वच्छ करावा. मिठाच्या पाण्यात ठेवावा. मग वाऱ्यावर इतका सुकवावा की कातडीला बोट लावले असता ते किंचित चिकटावे, ओले होऊ नये. ज्वाळा नको, धग आणि धूर हवा. लाकूड आंब्याचे किंवा पेरूचे, चीक असलेले कधीही नाही. धूर माशाला रंग देतो, वास देतो आणि त्यातील काही द्रव्ये कुजणे लांबवितात. तथापि खरे टिकविणारे काम मीठ आणि कोरडेपणा यांचे आहे. चार-पाच तासांत रोहू मधाच्या रंगावर आला. तो त्याच रात्री चिंचेच्या सारात घालून खाल्ला. टिकविण्याची गरज उरली नाही.

मासे पोसावेत ते केवळ गळासाठीच, असे मात्र आपल्या लोकांनी मानले नाही. महाडजवळच्या वाळणकोंडात वरदायिनीच्या आश्रयाने मोठमोठे मासे निर्भय फिरतात. देहूच्या इंद्रायणीत आणि शृंगेरीच्या तुंगेत भाविक माशांना खाऊ घालतात आणि तेथे जाळे पडत नाही. सोमेश्वराने पाण्यात टाकलेले गोळे आणि शृंगेरीच्या घाटावरचा मूठभर तांदूळ, यांत हाताची क्रिया एकच. खाणारा आणि राखणारा असे दोन निराळे समाज नव्हते. एकाच गावाने एक डोह ताटासाठी आणि दुसरा देवासाठी ठेवला, आणि दुसऱ्या डोहातल्या माशांची वीण खालच्या पाण्यात उतरत राहिली.

मृगाच्या दिवशी हैदराबादेत मरळीचे आणखी एक रूप दिसते. बत्तिनी कुटुंब दम्याच्या रोग्यांस मरळीचे दोन-तीन इंच लांबीचे जिवंत पिल्लू पिवळ्या औषधासह गिळावयास देते. एका साधूने १८४५ मध्ये ही विद्या आपल्या पूर्वजास दिली, असे ते कुटुंब सांगते. पूर्वी हे वाटप जुन्या शहरातील दूधबावलीस होई. आता नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर होते आणि देशभरातून हजारो लोक येतात. शाकाहारी माणसास येथेही गुळातून औषध मिळते. वैद्यकशास्त्राने या उपायास मान्यता दिलेली नाही आणि त्याविरुद्ध आक्षेपही झाले. पुढे ‘औषध’ हा शब्द मागे पडून ‘प्रसाद’ हा शब्द रूढ झाला. दम्याच्या रोग्याने यासाठी आपले नेहमीचे औषध सोडू नये, असे आम्हांस स्पष्ट सांगावेसे वाटते. परंतु या विधीसही मासा जिवंतच लागतो, आणि तो मरळच लागतो, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे.

हे सारे ज्या पाण्यावर उभे होते ते पाणी आता राहिलेले नाही. १५६२ च्या सुमारास बांधलेला हुसेनसागर सांडपाण्याने इतका बिघडला की त्यात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या वारंवार येत राहिल्या. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात मुसीने अफझलगंज, बेगम बाजार हा भाग बुडविला आणि हजारोंचे बळी घेतले. त्या आपत्तीतून विश्वेश्वरय्यांच्या योजनेने १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. शहर वाचले, मात्र शहरातून वाहणारी मुसी पुढे गटारासारखी झाली. १९५७ मध्ये ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने माशांची वीण घडवून आणली, आणि तेव्हापासून रोहू-कटल्याचे बीज हवे तेथे मिळू लागले. त्यामुळे गरिबाच्या ताटात मासा आला, हे मान्य केलेच पाहिजे. पण बेगम बाजारात आज येणारा पुष्कळसा मासा आंध्रातील कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळच्या तळ्यांतून, बर्फात बसून, रात्रभर ट्रकने येतो. गिऱ्हाइकाने ते तळे पाहिलेले नसते. विकणाऱ्यानेही बहुधा नसते.

गेल्या खेपेस आम्ही मृगाच्या सकाळी तेथे गेलो तेव्हा बर्फातल्या रोहूच्या राशींपुढे गर्दी होती. मरळवालीकडे ती तिप्पट होती. तिच्या घमेल्यातले पाणी मधूनच उसळे आणि पुढचे लोक हसत मागे सरत. एका मराठी आजींनी भाव केला, मासा निवडला आणि कापून द्यायचा का असे त्या बाईने हिंदीत विचारताच त्या म्हणाल्या, “नको. घरी नातवाला जिती दाखवायची आहे.” बाईने ओले गोणपाट पिळून मरळ त्यात गुंडाळली, वर ओंजळभर पाणी शिंपडले आणि ती जड पिशवी आजींच्या हातात दिली.