प्रोग्रॅमचा तपासनीस

केंब्रिज येथील एडसॅक हा संगणक १९४९ सालच्या मे महिन्यात चालू झाला आणि त्याचे कर्ते मॉरिस विल्क्स यांनी लवकरच सव्वाशे आज्ञांचा एक प्रोग्रॅम कागदी फितीवर उतरविला, तेव्हा त्यात वीसेक चुका निघाल्या. आपल्या उर्वरित आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅमांतील चुका हुडकण्यात खर्ची पडणार, ही जाणीव आपणास जिन्यावर ये-जा करताना झाली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्याच साली जूनमध्ये त्याच गावी भरलेल्या परिषदेत अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी एक छोटेखानी निबंध वाचला. लिहिणाऱ्याने येथवर काय साधले असले पाहिजे हे जागोजागी निश्चित विधानांनी मांडून ठेवावे, म्हणजे तपासणाऱ्यास एकेक विधान सुटे पडताळून संपूर्ण प्रोग्रॅमच्या शुद्धतेचा निर्णय करता येईल, असा त्याचा मथितार्थ होता.

लिहिणारा निराळा आणि तपासणारा निराळा, हा भेद अशा रीतीने संगणकाच्या बालपणीच सुचला खरा. परंतु प्रोग्रॅम एकदाचा चालता झाला की चाचणी झाली, ही समजूत पुढे कित्येक वर्षे कायम राहिली. चाचणीने दोष आहेत एवढे कळते, ते नाहीत हे कळत नाही, असे संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६९ साली बजावले. आणि दहा वर्षांनी ग्लेनफोर्ड मायर्स यांनी चाचणी मुळात दोष काढण्याच्याच इराद्याने करावयाची असते, असे आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. हा इरादा लिहिणाऱ्याच्या ठायी क्वचितच असतो. आपल्याच लेकराची खोड कोण आवडीने काढतो?

या मताची परीक्षा थेरॅक-२५ या कॅनडात बनलेल्या किरणोपचार यंत्राने फार निष्ठुरपणे घेतली. आधीच्या यंत्रांत अतिमात्रा रोखण्यासाठी जे स्वतंत्र विद्युत्-यांत्रिक अडसर होते, ते येथे वगळून सारा भरवसा प्रोग्रॅमवर टाकण्यात आला होता; तो प्रोग्रॅम एकाच इसमाने लिहिलेला, काही अंशी जुन्या यंत्रांतून उचललेला, आणि त्याच्या सुट्या भागांची चाचणी अत्यल्प झालेली. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांस भयंकर अतिमात्रा मिळाली, आणि त्यांतील काही दगावले. टेक्सासमधील टायलर येथे १९८६ साली तीन आठवड्यांच्या अंतराने असे दोन प्रसंग घडले. दोन्ही वेळा पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढेच उमटले, आणि त्याचा उलगडा होईल असे यंत्राच्या पुस्तिकेत काही नव्हते. तेव्हा इस्पितळातील पदार्थविज्ञानवेत्ता आणि यंत्र चालविणारी कर्मचारी या दोघांनीच यंत्रापाशी बसून तो बिघाड पुनःपुन्हा घडवून पाहिला, आणि उपचाराचा प्रकार चुकीचा नोंदवून तो आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केला, तर चुंबकांच्या जुळवणीत गुंतलेल्या यंत्रास ती दुरुस्ती पुरती उमगतच नाही, असे निष्पन्न झाले. यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यास प्रारंभी हा बिघाड घडविता येईना, कारण सरावलेल्या हातांचा वेग त्यास नव्हता.

पुढे चौकशीत असेही आढळले की, तोच दोष जुन्या थेरॅक-२० मध्येही वसत होता. शिकागोच्या विद्यापीठात नवशिके विद्यार्थी त्या यंत्रावर भलतेसलते आकडे भरीत, तेव्हा फ्यूज उडत, अडसर पडत आणि कोणास इजा होत नसे. अर्थात जुना प्रोग्रॅम वर्षानुवर्षे निर्धोक चालला, हा जो दाखला विश्वासाने पुढे केला जात होता, तो वस्तुतः त्या अडसरांचा होता.