अजिंठ्याच्या खांबावरील अभिप्राय

प्रेक्षणीय स्थळाच्या भेटीचें मोल आम्ही गर्दी व सोयी यांवरून ठरवितों. पण हें माप अपुरें आहे. अजिंठ्याचें दहावें लेणें पाहावें. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें तेथील चित्रित खांबावर आपलें नांव व तारीख कोरली. त्या वेळीं लेण्यांत राडारोडा साचलेला होता. तो निघाल्यामुळें तीं अक्षरें आज माणसाच्या डोक्याहून उंच दिसतात. कोण आला व केव्हां आला, एवढेंच तीं सांगतात. त्यानें काय पाहिलें, हें सांगत नाहींत. चित्र मात्र कायमचें दुखावलें. पाहणाऱ्याच्या मनांत भर पडावी, भिंतीवर पडूं नये, हीच आमच्या मतें उत्तम भेटीची कसोटी होय.